भार टाकून पाहणाऱ्या ठोसर मॅडम

संगणक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मला पायरी चढतानाच कळतं. आधी स्क्रीन केवढी ते विचारेल, मग रंग, मग सोबत फुकट काय मिळेल ते. आतल्या एसएमपीएसबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. एसएमपीएस म्हणजे मागच्या बाजूला पंखा असलेला तो पत्र्याचा डबा. भिंतीतली लाईट घेऊन संगणकाच्या पोटाला झेपेल असा करंट करून द्यायचं काम त्याचं. बुधवारा पेठेत आमचं दुकान इतकी वर्षं चाललंय, पण त्या डब्याबद्दल स्वतःहून विचारणारी एकच बाई मला भेटली. ठोसर मॅडम. आणि विचारलं म्हणजे काय, पिच्छा पुरवला.

परवा एक पोरगं आलं. त्याला खेळ खेळायला संगणक हवा होता, आत रंगीत दिवे लुकलुकणारा. एसएमपीएस कोणता टाकू विचारलं तर म्हणे, "कोई भी डाल दो आंटी, अंदर ही तो रहेगा." आंटी म्हणाला त्याचं काही नाही, केस पांढरे झालेच आहेत. पण ते 'कोई भी' ऐकलं आणि मला मॅडम आठवल्या. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या असत्या तर पोराला बाकावर बसवून तिथल्या तिथे तास घेतला असता, आणि पोरगं मुकाट्याने वहीत आकृती काढून गेलं असतं.

मॅडम मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. अंगाने काटकुळ्या, उंची बेताची, साडी नेहमी सुती आणि पदर कमरेला खोचलेला. पर्समध्ये रुमाल, खडीसाखरेची पुडी आणि लाईट तपासायचा टेस्टर. कोणाच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या तरी टेस्टर सोबत. एकदा आमच्या शेजारणीकडे बटणाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर या बाई वाण बाजूला ठेवून अख्खं बटण उघडून बसल्या. बाकीच्या बायका नटूनथटून ताटकळत उभ्या.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या गावाला पाठ होता. भार टाकून पाहिलं का? नवा पाट घ्या, दोरी घ्या, शिडी घ्या, मॅडम आधी हेच विचारणार. त्यांचं म्हणणं असं की कुठलीही वस्तू रिकामी असताना चांगलीच दिसते, तिच्यावर वजन पडलं की ती काय चीज आहे ते समजतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला नवा मंच बांधला होता. मंडपवाला छातीठोकपणे सांगत होता की हत्ती चढवा. हत्ती काही मॅडमजवळ नव्हता. त्यांनी दहावीच्या सगळ्या मुली वर चढवल्या आणि उड्या मारायला लावल्या. कोपऱ्यातली एक फळी कडाडून मोडली. मुली हसत सुटल्या, मंडपवाल्याचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी पाहुणे त्याच कोपऱ्यात उभं राहून भाषण करणार होते.

माणसांनाही त्या हाच नियम लावायच्या. माझ्या नणंदेला स्थळ आलं तेव्हा सासूबाईंनी मुलाचं घर, शेती, नोकरी सगळं मॅडमना ऐकवलं. मॅडम म्हणाल्या, हे सगळं ठीक, पण भार टाकून पाहिलं का? त्यांनी सुचवलं की मुलाला घ्यायला स्टेशनवर कोणी जाऊ नका, उन्हाचं चालत येऊ दे, आणि आल्यावर चहा मुद्दाम उशिरा द्या. आमच्या घरात यावरून केवढा गदारोळ झाला. शेवटी सासूबाईंनी गुपचूप तसंच केलं. मुलगा घामाघूम होऊन आला, चहाची वाट बघत बसला, आणि तेवढ्या वेळात माझ्या बहिऱ्या सासऱ्यांशी मोठ्यांदा, न कंटाळता कापसाच्या भावावर बोलत राहिला. नणंद आज सुखात आहे. सासूबाईंनी लग्नाला दराब्याच्या मिठाईचा पहिला डबा मॅडमच्या घरी धाडला.

मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. धाकटा भाऊ मधुकर, त्याचंही नाही. का नाही, हे विचारायची गावाला फार हौस होती. दोघं बहीणभाऊ कोष्टी-मोमीन विणकरांच्या यंत्रमागांच्या गल्लीला लागून दोन खोल्यांत राहायचे. मधूभाऊ केळ्याच्या मंडीत लिलावाची बोली पुकारायचे. काय आवाज होता त्या माणसाचा. केळ्याच्या गाड्या लागल्या की ते एखाद्या गाडीवर चढायचे आणि असे भाव पुकारायला लागायचे, की पलीकडच्या रस्त्यावरचा चहावाला कप विसळता विसळता थांबायचा. मराठी, हिंदी, खानदेशी, मध्येच एखादा उर्दू शब्द, सगळं एका दमात. शेतकरी म्हणायचे, मधूभाऊंनी पुकारलं की आपली केळी आपल्यालाच जास्त पिवळी दिसायला लागतात. घरी मात्र बहिणीसमोर बोलायची सोय नसायची. तिथे मॅडम बोलायच्या आणि ते ऐकायचे.

आणि देवाची नेमकी त्याच जिभेला दृष्ट लागली. आधी शब्द जड यायला लागले. मंडीत लोक चेष्टेने म्हणाले, काय मधूभाऊ, सकाळी सकाळी? त्यांनी आयुष्यात कधी दारूचा थेंबही घेतला नव्हता. इंदूरला दाखवलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की नसांचा आजार आहे, हळूहळू वाढत जाणारा, औषध नाही. डोकं शेवटपर्यंत लख्ख राहील. ही शेवटची गोष्ट चांगली म्हणून सांगितली की वाईट म्हणून, हे मला आजवर समजलेलं नाही. वर्षभरात आवाज गेला. मग पाय, मग डावा हात. उजव्या हाताचं एक बोट तेवढं ऐकत होतं.

मॅडमनी त्या एका बोटावर घर उभारलं. आमच्या दुकानातून संगणक नेला. आमच्या ह्यांनी त्यात देवनागरी टाकून दिली, अक्षरं मोठी केली, कीबोर्ड मधूभाऊंच्या मांडीवर राहील अशी फळी सुताराकडून करून आणली. मधूभाऊ एकेक अक्षर दाबायचे आणि स्क्रीनवर त्यांचं बोलणं उमटायचं. एका वाक्याला चांगला वेळ लागायचा. बोट थकायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं. पण बोलायचा तो माणूस. मंडीतले जुने लोक येऊन बसायचे आणि स्क्रीनकडे बघत वाट पाहायचे, एखादी शिवी उमटली की खो खो हसायचे.

घोडं अडलं ते लाईटपाशी. आमच्याकडे तेव्हा लाईट यायची कमी आणि जायचीच फार. गेली तर गेली, तिचं एक दुःख. पण आल्यावर दुसरं. लाईट आली की गल्लीतले सगळे माग एकदम खटाखटा सुरू व्हायचे आणि व्होल्टेज असं खाली बसायचं की घरातले पंखे गुंगीत फिरायला लागायचे. त्या धक्क्यात मधूभाऊंचा संगणक बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. घरात एक छोटा यूपीएस होता, लाईट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा. तो कधी तगायचा, बहुतेक वेळा नाही. अर्धं टाईप केलेलं वाक्य पुसून जायचं. मशीन पुन्हा उभं राहीपर्यंत मधूभाऊंचं बोट दमलेलं असायचं, आणि मग ते वाक्य त्या दिवशी व्हायचंच नाही.

मॅडम दुकानात आल्या तेव्हा मी काउंटरवर होते. पदर खोचलेला नव्हता, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. त्या बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "रेखा, मध्याचं बोलणं रोज मध्येच तुटतं गं. काल तो रडला. काय सांगायचं होतं तेही मला कळलं नाही. मला असा डबा हवाय की त्याचं वाक्य तुटणार नाही." मी त्यांना पाणी दिलं. त्यांना कधी कोणाकडे काही मागताना मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या दुकानाची प्रयोगशाळा झाली. ह्यांनी दुकानात होते ते एसएमपीएस काढून दाखवले. प्रत्येकावर मोठमोठे वॅट छापलेले. मॅडमनी छापलेलं वाचलंच नाही. दोन डबे उचलले आणि शेजारच्या भाजीवालीकडे जाऊन तिच्या तराजूत टाकले. भाजीवाली म्हणाली, बाई, हे कोणत्या भावाने लावू? मॅडमनी तिला समजावून सांगितलं की आत तांबं आणि लोखंड भरपूर असेल तर डबा जड लागतो, आणि हलका डबा म्हणजे आत हवा विकलेली. तेव्हापासून ती भाजीवाली गिऱ्हाइकांना सांगायची की माझी वांगी मॅडमच्या डब्यासारखी भरीव आहेत.

मग गॅरेजवाल्याकडून मोटारीच्या समोरच्या दिव्यांचे जुने बल्ब आणले. एसएमपीएसच्या पिवळ्या तारेतून जो करंट येतो तो नेमका मोटारीच्या बल्बला चालतो, हे मॅडमना सुचलं आणि आमच्या ह्यांच्या तोंडून 'वा' निघालं. हिरवी तार काळीला टेकवली की डबा सुरू होतो. मग एकेक बल्ब लावत जायचं आणि मीटरवर बघत राहायचं की व्होल्टेज किती ढळतं. पहिला बल्ब लावला, डबा ठीक. दुसरा लावला, आकडा जरा घसरला. तिसऱ्याला मीटर खाली खाली जायला लागलं आणि डब्यातून जळक्या माशासारखा वास सुटला. चौथा लावायच्या आधीच आत फट्कन आवाज झाला आणि धूर आला. मी ओरडत बाहेर पळाले. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद होता म्हणून सांगू. म्हणाल्या, बरं झालं, हा इथे मेला, मध्याच्या मांडीपाशी नाही मेला.

आमचे दुकानातले सगळे डबे नापास झाले. ह्यांना थोडा राग आला, दुकानाची इज्जत म्हणून काही असतं. पण मॅडमपुढे रागावून कोण टिकणार? शेवटी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी मुंबईला होती, तिच्याकरवी एक उंची डबा मागवला. त्याची किंमत ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा विचारली. तेवढ्या पैशांत आम्ही अख्खा संगणक देत होतो, वर संगणकाच्या उंदरासाठी कापडाची गादीही. मॅडम मात्र शांत होत्या. त्यांनी त्यासाठी काय विकलं, काय मोडलं, ते मी विचारलं नाही. हातातल्या बांगड्या तेव्हापासून काचेच्या दिसायला लागल्या एवढं खरं.

डबा आला. काळा, जड, आणि पंखा असा की कान लावला तरी ऐकू येईना. भाजीवालीच्या तराजूत तो पहिल्या परीक्षेला उतरला. बल्बांच्या परीक्षेला असा उतरला की बल्बांच्या उष्णतेने आम्हीच घामाघूम झालो आणि डबा थंडगार. ह्यांनी म्हटलं, झालं, आता बसवून टाकू. मॅडम म्हणाल्या, छे, आपल्या दुकानातली लाईट सभ्य आहे, माझ्या गल्लीतली नाही. आणि त्या डबा, बल्ब, मीटर सगळं रिक्षात घालून निघाल्या इक्बालभाईंच्या कारखान्यात. मी पण गेले, बघायला.

इक्बालभाईंचे माग मॅडमच्या घरामागेच होते. लाईट गेलेली होती, कारागीर बाहेर ओट्यावर बिड्या ओढत बसलेले. मॅडमनी मागांच्याच लायनीवर डबा जोडला, बल्ब मांडले आणि लाईटची वाट बघत एका सुताच्या पेटीवर बसल्या. इक्बालभाईंनी चहा मागवला. दोघांची जुनी ओळख, पण भांडणाची. मागांच्या धडाक्याने मधूभाऊंचा संगणक बंद पडतो म्हणून मॅडम त्यांच्याशी खूपदा भांडल्या होत्या, आणि इक्बालभाई दर वेळी मान खाली घालून ऐकून घ्यायचे, कारण माग बंद ठेवले तर चूल पेटणार कशी? लाईट आली. सगळे माग एकदम धडधडले. ट्यूबलाईटी मिणमिणल्या, छताचा पंखा मेल्यासारखा झाला. आणि त्या गोंगाटात मॅडमचे मोटारीचे बल्ब पांढरे शुभ्र, जराही न थरथरता जळत राहिले. मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. कारागीर माग सोडून बघायला आले.

इक्बालभाई डब्यावर वाकून म्हणाले, "मॅडम, इस डिब्बे में कौनसा पीर बैठा है?" मॅडमनी हसून सांगितलं की पीर नाही, कोणाची तरी कारागिरी बसली आहे. मग इक्बालभाईंनी हळूच विचारलं की आता आपलं भांडण मिटलं का. मॅडमनी मिटलं म्हणून सांगितलं. त्या दिवशी त्या घरी चालत गेल्या त्या अगदी तरण्या पोरीसारख्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी डबा संगणकात बसवला. मॅडमनी मधूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मध्या, आजपासून तुझं बोलणं कोणी तोडणार नाही. बोल, काय बोलायचं ते." मधूभाऊंनी सुरुवात केली. एक शब्द झाला, दुसरा झाला. तेवढ्यात लाईट गेली. यूपीएसने टुक्क केलं आणि संगणक गप्पकन बंद. पूर्वी कधीमधी तगायचा, आता तेवढाही नाही. लाईट आली, पुन्हा सुरू केला, मुद्दाम बटण बंद करून पाहिलं, पुन्हा तेच. मधूभाऊंनी बोट कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवलं. ते बहिणीकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते, आणि ते हसणं बघण्यापेक्षा मला त्यांचं रडणं परवडलं असतं. आम्ही निघालो तेव्हा मॅडम दारापर्यंतही आल्या नाहीत.

त्यानंतर त्या दुकानात फिरकल्या नाहीत. मी दोनदा डबा देऊन आले, एकदा भरल्या वांग्याचा, एकदा साबुदाण्याचा. त्या दारातच घ्यायच्या. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. एवढं पारखून घेतलेली वस्तू ऐन वेळी दगा देते, आणि तीही बिचाऱ्या मधूभाऊंच्या समोर. शिकवणाऱ्या माणसाला नापास होणं फार जड जातं.

मग एका सकाळी शाळा भरायच्या आधी त्या आल्या, पदर खोचून. मी काही विचारायच्या आत त्यांनी कालच्या वर्तमानपत्राच्या कडेवर दोन आकृत्या काढल्या. एक नदीच्या लाटेसारखी, गोल गोल वरखाली. दुसरी जिन्यासारखी, पायऱ्यापायऱ्यांची. म्हणाल्या, भिंतीतून येणारी लाईट लाटेसारखी असते. स्वस्त यूपीएस बॅटरीतून लाईट करतो ती अशी जिन्यासारखी, ओबडधोबड. साधा डबा ती कशीतरी गिळतो. उंची डब्याला मात्र ती ओळखूच येत नाही, तो बंद पडतो. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "चूक डब्याची नाही, माझी आहे. आपण गल्लीतले लोक व्होल्टेजला एवढे घाबरलेले, की मी तेवढंच बघत बसले. डबा वेगळा पारखला, यूपीएस वेगळा पारखला. दोघांना शेजारी बसवून एकदाही पाहिलं नाही. बरं झालं रेखा, मी लग्नं जुळवायच्या धंद्यात पडले नाही."

आणि एवढं बोलून त्या हसल्या. मी पण हसले, आणि हसता हसता मला रडू आलं, ते मी डोळ्यात काही गेल्याचं निमित्त करून पुसलं.

गावातल्या एका पॅथॉलॉजीवाल्याकडे बॅटरीचं एक मोठं मशीन होतं, तपासणीच्या यंत्रांना भिंतीसारखीच लाटेची लाईट देणारं. त्याने नवं घेतलं होतं आणि जुनं कोपऱ्यात पडलेलं. त्याची मुलगी मॅडमच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे मशीन आपणहून चालत आल्यासारखं घरी आलं. या वेळी मॅडमनी सगळं एकत्र मांडलं. मशीन, डबा, संगणक, स्क्रीन, आणि मांडीवर कीबोर्ड घेतलेले मधूभाऊ. सगळं कुटुंब एकदम बसवून पाहायचं, असं त्या म्हणाल्या. मधूभाऊंना टाईप करायला लावलं आणि स्वतः भिंतीवरच्या लाईटच्या मीटरच्या पेटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ते काय लिहितायत ते त्यांना तिथून दिसत नव्हतं. आमचे हे मध्ये उभे राहून खुणावत होते, अजून नाही, अजून नाही. वाक्य अर्ध्यात आलं तशी ह्यांनी मान हलवली आणि मॅडमनी घराची मेन खाडकन खाली ओढली.

पंखा थांबला. मधूभाऊंनी घाबरून वर पाहिलं. त्यांचं बोट हवेतच राहिलं. पण स्क्रीन तशीच उजळ होती, आणि वाक्याच्या टोकाला ती उभी रेघ लुकलुकत होती, पुढचं अक्षर मागत. मग बोट खाली आलं. मॅडम मेनपाशीच उभ्या होत्या, पेटीवर हात ठेवून, त्यांची पुढे यायची हिंमत होत नव्हती. बऱ्याच वेळाने मधूभाऊंनी बोट उचललं आणि ह्यांनी मॅडमना हाक मारली.

स्क्रीनवर लिहिलं होतं: आक्का रोज पपई नको. लहानपणापासून आवडत नाही. आईच्या भीतीने खायचो. मी मंडीचा माणूस, मला केळं दे.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. डॉक्टरांनी मऊ फळ द्या म्हटलं होतं, म्हणून ही बाई वर्षभर रोज सकाळी पपई कुस्करून भावाला भरवत होती, आणि तो माणूस वर्षभर हे एक वाक्य पुरं करायची धडपड करत होता. त्या हसायला लागल्या, इतक्या की पदर तोंडाला लावावा लागला. मधूभाऊंचे डोळे हसत होते. मागून इक्बालभाईंच्या मागांचा आवाज नव्हता, कारण आम्ही मेन ओढून घरची लाईट घालवली, त्याच वेळी अख्ख्या गल्लीचीही गेली होती, आणि ते आम्हाला कोणाला समजलंच नव्हतं.

त्यानंतर चांगले दिवस आले. मधूभाऊ पोटभर बोलले. मंडीतल्यांना भाव विचारायचे, मॅडमच्या भाजीत मीठ कमी म्हणून सांगायचे, मी गेले की 'या वहिनी' असं लिहायचे, माझ्या मुलीला तिच्या निबंधासाठी केळीच्या बागेचं वर्णन लिहून द्यायचे, खतापाण्यासकट. माग धडधडत राहिले, लाईट येत जात राहिली, त्यांचं वाक्य कधी तुटलं नाही. डब्याने आपलं काम केलं. मॅडमनी केलेली पारख शेवटी अस्सल निघाली.

पण आजार थांबला नाही. ते एक बोटही एके दिवशी उठेना. मॅडमनी फळी तिरपी करून पाहिली, बोटाला पट्टी बांधून पाहिली, ह्यांनी जरा हात लागला की दबेल असं मोठं बटण बसवून दिलं. काही दिवस तेही चाललं. मग तेही नाही. एक दिवस मॅडमनी सगळा संगणक आमच्याकडे पाठवून दिला, आत तो काळा डबा तसाच. बॅटरीचं मशीन पॅथॉलॉजीवाल्याकडे परत गेलं. निरोप एवढाच होता की ज्याला गरज असेल त्याला द्या. मी तो संगणक कपड्याने झाकून ठेवला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता त्या घरात कोणी बोलणार नाही.

पुढे धूलकोट गावच्या एका शाळेने तो संगणक नेला, तेव्हा ही गोष्ट मॅडमना सांगायला हवी म्हणून मी निघाले. खरं तर जायला पाय उचलत नव्हता. त्या घरात जाऊन काय बोलू आणि कोणाशी, हेच समजत नव्हतं. दिवेलागणीची वेळ होती. दार लोटलेलं होतं. आतून मॅडमचा आवाज येत होता, वर्गात यावा तसा, एकसुरी. मला वाटलं शिकवणी चालू असेल.

शिकवणी नव्हती. मधूभाऊ कॉटवर उशांना टेकून होते आणि मॅडम त्यांच्या अगदी समोर स्टुलावर, चेहऱ्याला चेहरा भिडवून. त्या वर्णमाला म्हणत होत्या. आधी ओळी म्हणायच्या, क-ची ओळ, च-ची ओळ, ट-ची ओळ, आणि मधूभाऊंनी पापणी मिटली की त्या ओळीतली अक्षरं एकेक करून. पुन्हा पापणी मिटली की ते अक्षर पक्कं. मग काना, वेलांटी, मात्रा विचारायच्या. पुन्हा पहिल्यापासून. मी आलेलं दोघांनीही पाहिलं होतं, पण मॅडमनी हातानेच मला बस म्हणून खूण केली, कारण नवं वाक्य सुरू झालं होतं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. व झाला होता. ह चालू होता.

ह-ला वेलांटी मिळाली आणि लाईट गेली.

मागांचा आवाज एकदम बंद झाला आणि गल्ली गपगार झाली. खोलीत काळोख. मला माझाच हात दिसेना. मला वाटलं, गेलं, याही वेळी तुटलं. पापणी दिसणार कशी? मी पिशवीत चाचपडायला लागले, काडेपेटी असेल म्हणून. तेवढ्यात खिडकीच्या फिकट उजेडात कॉटशी जरा हालचाल दिसली. मॅडमनी स्टूल पुढे सरकवलं होतं. त्यांनी दोन बोटं मधूभाऊंच्या डोळ्यांवर अलगद ठेवली आणि आवाज जराही न बदलता पुढच्या ओळी म्हणायला लागल्या. क-ची ओळ. च-ची ओळ. ट-ची ओळ. त-ची ओळ. त्यांच्या बोटाखाली पापणी हलली असावी, कारण त्या थांबल्या आणि त, थ, द, ध, न म्हणू लागल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. काळोखात तो एक शांत आवाज अक्षरामागून अक्षर काढत होता, आणि मध्ये कुठेही तुटत नव्हता. शेवटी मॅडमनी सगळं वाक्य एकदा सलग म्हणून दाखवलं, त्याला विचारायला, की बरोबर ना.

"वहिनीला चहा दे."

मॅडम उठल्या. त्या भिंतीला हात लावत, अंदाजाने स्वयंपाकघराकडे निघाल्या. मी म्हटलं, राहू द्या मॅडम, अंधारात कशाला, मी निघते.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "तो एवढं बोललाय, आणि तू निघालीस होय?"

मी बसले.